रिक्वेस्ट नेमकी कुठे अडते? व्यवहाराचा माग काढण्याची पद्धत

बालगंधर्व रंगमंदिरातल्या रविवारच्या प्रयोगाची तिकिटे विकणारी एखादी काल्पनिक प्रणाली उदाहरणादाखल घेऊ. प्रेक्षक खुर्ची निवडून ‘पैसे भरा’ हे बटण दाबतो, तेव्हा त्याची रिक्वेस्ट वेब सर्व्हरवरून आसन-सेवेकडे जाते. तिथून ती डेटाबेसला आणि पेमेंट सेवेला गाठते आणि शेवटी काफ्काच्या क्यूमधून (संदेश रांगेत ठेवून पुढे देणाऱ्या व्यवस्थेतून) एसएमएस पाठवणाऱ्या सेवेपर्यंत पोहोचते. तिकीटविक्री सुरू झाल्यावर साइट रेंगाळू लागली, की प्रत्येक टीम आपापला हिरवा डॅशबोर्ड दाखवते, आणि त्यात कोणी खोटे बोलत नसते. सीपीयू आणि मेमरीचे आलेख एकेका सर्व्हरची प्रकृती सांगतात. एका व्यवहाराचा वेळ वाटेत कुठे खर्ची पडला, हे सांगणे त्यांच्या आवाक्यात नाही.

ते काम ट्रेसिंगचे. प्रत्येक व्यवहाराला एक ट्रेस आयडी मिळतो, वाटेतल्या प्रत्येक कामाची ‘स्पॅन’ म्हणून आरंभ आणि अवधीसह नोंद होते, आणि प्रत्येक स्पॅन आपला पालक स्पॅन कोणता हे सांगतो. गूगलने २०१० मध्ये ‘डॅपर’ या आपल्या अंतर्गत व्यवस्थेवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे ट्विटरचे झिपकिन आणि उबरचे येगर ही ट्रेसिंगची साधने याच वाटेने आली, आणि २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग व ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री ही अशा नोंदींची सामाईक व्यवस्था उभी राहिली. नव्याने सुरुवात करायची असल्यास ओपनटेलिमेट्रीच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण उद्या मॉनिटरिंगचे साधन बदलले, तरी कोडमधली नोंदणी पुन्हा करावी लागत नाही.

जावाच्या सेवांसाठी ओपनटेलिमेट्रीचा एजंट (सेवेसोबत चालून आपोआप नोंदी करणारा प्रोग्राम) जेव्हीएमच्या, म्हणजे जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या, आरंभ-आदेशात जोडला, की एचटीटीपी, जेडीबीसी (जावाचा डेटाबेसशी संवाद) आणि काफ्काचे बहुतेक स्पॅन कोडला हात न लावता मिळू लागतात. प्रत्येक सेवेला तिचे नाव आवर्जून द्यावे, अन्यथा पडद्यावर सगळ्या सेवा ‘अननोन सर्व्हिस’ म्हणून एकाच गर्दीत दिसतात. या नोंदी गोळा करणारा कलेक्टर ४३१७ या पोर्टवर जीआरपीसी या प्रोटोकॉलने आणि ४३१८ वर एचटीटीपीने माहिती स्वीकारतो. ग्राहकाचा मोबाइल क्रमांक यूआरएलमध्ये येत असेल, तर तो कलेक्टरमध्येच गाळून टाकावा.

यानंतर आलेख पाहण्याची घाई न करता, माग सलग आहे का ते तपासावे. एकच तिकीट काढावे, त्याचा ट्रेस शोधावा आणि त्यात सगळ्या सेवा हजर आहेत का ते पाहावे. एकाच बुकिंगचे दोन स्वतंत्र ट्रेस दिसले, तर धागा मध्येच तुटला आहे. हा धागा ‘ट्रेसपेरेंट’ नावाच्या हेडरमधून, म्हणजे रिक्वेस्टसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून, पुढे जातो. त्यात आवृत्ती, ३२ षोडशमान अंकांचा ट्रेस आयडी, १६ अंकांचा पालक आयडी आणि सॅम्पलिंगची, म्हणजे हा ट्रेस साठवण्यासाठी निवडला आहे का याची, खूण असते. तो बहुधा तीन ठिकाणी हरवतो: अनोळखी हेडर काढून टाकणाऱ्या प्रॉक्सीत (वाटेतल्या मध्यस्थ सर्व्हरमध्ये), डेव्हलपरने स्वतः लिहिलेल्या थ्रेड पूलमध्ये (समांतर कामे करणाऱ्या थ्रेडच्या संचात) आणि क्यूमध्ये. काफ्कात तो संदेशाच्या हेडरमध्ये जातो; संदेश पुन्हा बांधून पुढे पाठवणारा एखादा जुना घटक मध्ये असेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

सॅम्पलिंगचा निर्णयही इथेच करावा. व्यवहाराच्या आरंभीच शेकडा १० ट्रेस निवडणे स्वस्त पडते, पण नेमका रखडलेला व्यवहार त्यातून सुटू शकतो. ट्रेस पूर्ण झाल्यावर त्रुटी आणि विलंब पाहून निवड करणे अधिक उपयोगी, मात्र त्यासाठी एका ट्रेसचे सर्व स्पॅन एकाच कलेक्टरकडे पोहोचावे लागतात आणि तोवर ते मेमरीत धरून ठेवावे लागतात.

आता ट्रेसचे वाचन. पडद्यावर प्रत्येक स्पॅन त्याच्या अवधीइतक्या लांबीच्या पट्टीने दिसतो, आणि पालकाच्या पट्टीखाली त्याच्या मुलांच्या, म्हणजे त्याने सुरू केलेल्या कामांच्या, पट्ट्या येतात. बहुतेक जण सर्वांत लांब पट्टी शोधतात, पण पालकाची पट्टी मुलांच्या वेळेमुळेच लांब दिसते. पाहायचे ते मुलांच्या पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागांकडे. समजा, आसन-सेवेच्या स्पॅनला ४.१ सेकंद लागले. त्यात पहिले १.९ सेकंद काहीच नाही, मग खुर्चीची नोंद लॉक करणारी १२ मिलिसेकंदांची क्वेरी, मग पेमेंट सेवेची २.१ सेकंदांची हाक, आणि शेवटी १५ मिलिसेकंदांची अपडेट. क्वेरी इतक्या चपळ असताना डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) दोष देण्यात अर्थ नाही. रिकामे १.९ सेकंद बहुधा कनेक्शन पूलच्या, म्हणजे डेटाबेसच्या तयार जोडण्यांच्या साठ्याच्या, दाराशी गेलेले असतात, आणि ती प्रतीक्षा एजंट सहसा वेगळा स्पॅन म्हणून दाखवत नाही. खात्रीसाठी त्याच वेळी कनेक्शनसाठी ताटकळणाऱ्या थ्रेडची संख्या पाहावी.

कारण ट्रेसमध्येच आहे: पेमेंटची हाक दोन क्वेरींच्या मध्ये, म्हणजे डेटाबेस ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) आणि त्याचे कनेक्शन अडवून ठेवून गेली आहे. हिकारीसीपी या जावाच्या कनेक्शन पूलमध्ये मुळात १० कनेक्शन असतात. प्रत्येक कनेक्शन दोन सेकंदांहून अधिक अडकले, तर एका सेकंदात पाच बुकिंगही पुरी होत नाहीत, मग सर्व्हर कितीही तगडा असो. पूल वाढवला की दुखणे थोडे पुढे ढकलले जाते, इतकेच.

त्याऐवजी पहिल्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये खुर्ची ठरावीक मुदतीपुरती राखून कनेक्शन परत करावे, त्यानंतर पेमेंटची हाक द्यावी आणि दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये आरक्षण पक्के करावे. पैसे आले पण मुदत उलटली, या शक्यतेसाठी परताव्याची वाट आधीच बांधून ठेवावी. बदल प्रॉडक्शनवर गेल्यावर तेवढ्याच गर्दीच्या वेळेचे ट्रेस काढावेत आणि सरासरीऐवजी सर्वांत संथ शेकडा एक व्यवहार उघडून, आरंभीची ती रिकामी जागा मिटली आहे का ते पाहावे.