आयसीयूत डायलिसिस कॅथेटर टाकताना या चुका टाळा

डायलिसिस सुरू होताच मशीनचा अलार्म वाजू लागला, तर दोष बहुतेकदा मशीनचा नसतो. कॅथेटर (शरीरातून मशीनकडे रक्त नेणारी-आणणारी नळी) कुठल्या शिरेत आणि किती लांबीचा टाकला, तिथेच गाडी अडलेली असते.

पहिली पसंती उजव्या इंटर्नल जुग्युलरला (मानेतली शीर), मग फिमोरल (मांडीतली), मग डावी जुग्युलर. सबक्लेव्हियन (कॉलरबोनखालची) अगदी शेवटी, कारण ती शीर अरुंद झाली की त्या हातात पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी केलेली धमनी-शिरेची जोडणी) नीट चालत नाही. किडनीचा जुना आजार असेल तर ही चूक रुग्णाला वर्षानुवर्षे भोवते.

लांबी साधारण अशी: उजव्या मानेत 15 सेंमी, डाव्या मानेत 20, मांडीत 24. हाताशी 15चाच आहे म्हणून तो मांडीत घालू नका. टोक इलियाक (ओटीपोटातल्या) शिरेतच राहते, फ्लो मिळत नाही आणि शुद्ध झालेले रक्त पुन्हा मशीनकडे वळते.

टोचताना सोनोग्राफी हवीच. रक्ताच्या रंगावर विसंबू नका. बीपी आणि ऑक्सिजन खालावलेल्या रुग्णात धमनीचे रक्तही काळपट असते, उसळत नाही. डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) घालण्याआधी गाइडवायर (कॅथेटरला वाट दाखवणारी तार) शिरेतच आहे हे आडव्या आणि उभ्या, दोन्ही छेदांत पाहा. डायलेटर किंवा कॅथेटर धमनीत गेलाच, तर ओढून काढू नका. आहे तसाच ठेवून व्हॅस्क्युलर सर्जनला बोलवा. मानेतला कॅथेटर एक्स-रे पाहिल्यावरच वापरा.

फ्लो येत नसेल तर आधी क्लॅम्प आणि नळीची घडी तपासा. मांडी दुमडली आहे का, मान वळली आहे का तेही पाहा. शरीरात पाणी कमी पडले तरी टोक शिरेच्या भिंतीला चिकटते आणि नळी थरथरते. सिरिंजने सलाइन सहज आत जाते, पण रक्त ओढले जात नाही? मग टोक भिंतीला टेकलेले आहे किंवा त्यावर फायब्रिन (रक्त गोठताना होणारे तंतू) साचले आहे. जोर लावून फ्लश करू नका, गुठळी आत जाऊ शकते. लाल (रक्त ओढणारी) आणि निळी (रक्त परत देणारी) लाइन उलट जोडून त्या दिवसाचे सत्र निभावता येईल; पण रिसर्क्युलेशन (शुद्ध रक्त पुन्हा मशीनकडे वळणे) वाढते, म्हणून तोच रोजचा उपाय करू नका, कॅथेटर बदला.

हेपरिन लॉक (सत्रानंतर नळीत भरून ठेवायचे, रक्त गोठू न देणारे औषध) प्रत्येक ल्यूमेनवर (कॅथेटरच्या प्रत्येक पोकळ मार्गावर) छापलेल्या मिलीलिटरइतकाच भरा. पुढच्या वेळी तो आधी ओढून टाकून द्या, नाहीतर सगळे हेपरिन रुग्णाच्या अंगात जाते.