पिस्तुलाच्या काडतुसाची लिव्हर-ॲक्शन रायफल निवडताना
पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी लिव्हर-ॲक्शन रायफल (ट्रिगरजवळची दांडी, म्हणजे लिव्हर, खाली-वर करून पुढचे काडतूस भरणारी) घ्यायची असल्यास माझा स्पष्ट कल .३५७ मॅग्नम काडतुसाच्या रायफलीकडे आहे, कारण तिच्यात कमी धक्क्याचे .३८ स्पेशल काडतूसही वापरता येते आणि रिव्हॉल्व्हरपेक्षा लांब बॅरलमुळे मॅग्नमच्या गोळीचा वेग लक्षणीय वाढतो. मात्र .३८ स्पेशल आखूड असल्याने काही रायफलींत ते अडकते. म्हणून खरेदीपूर्वी दोन्ही लांबीची निकामी सराव-काडतुसे भरून लिव्हर सावकाश आणि जोरात, अशी दोन्ही प्रकारे चालवून पाहावी. दुर्बीण बसवायची असेल, तर रिकामे कवच बाजूने फेकणारी मार्लिन १८९४ ही रायफल सोयीची ठरते. अशा रायफलींच्या नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसतात; मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला (ठोका बसताच पेटून दारू पेटवणाऱ्या भागाला) टेकते आणि टोकदार गोळीने धक्क्यासरशी तो पेटू शकतो, त्यामुळे सपाट टोकाच्याच गोळ्या वापराव्यात.