"बिग बँग खोटं आहे" असा पीडीएफ आला तर तो तपासायचा कसा

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, रिटायर झाल्यापासून त्यांना विश्वाचं कोडं सुटलंय, दर दोन-तीन महिन्यांनी नवीन पीडीएफ येतो. अशा वेळी लगेच हसू नका आणि लगेच फॉरवर्डही करू नका, मी काय करतो ते सांगतो.

आधी आकडा शोधा. चाळीस पानं ऊर्जा, कंपनं, ईथर सगळं आहे पण दुर्बिणीतून मोजता येईल असं काहीच नाही, तर तिथेच बंद करा आणि चहा टाका.

आकडा असेल तर वही घ्या. उदाहरणार्थ 'थकलेला प्रकाश', ही खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीची १९२९ ची कल्पना. लांबच्या गॅलक्सींचा प्रकाश लालसर होतो तो विश्व फुगतंय म्हणून नाही, तर एवढा प्रवास करून प्रकाशाची एनर्जीच कमी होते म्हणून. ऐकायला एकदम पटतं ना? आता ०.५ रेडशिफ्टचा (म्हणजे ज्याच्या प्रकाशाची तरंगलांबी १.५ पट झालीय असा) एक सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा स्फोट, घ्या, आणि तसलाच जवळचा सुपरनोव्हा मंद व्हायला समजा २० दिवस घेतो. विश्व फुगत असेल तर लांबचा आपल्याला १.५ पट हळू दिसणार, म्हणजे ३० दिवस. प्रकाश नुसता थकत असेल तर रंग बदलेल पण २० चे २०च राहतील. खरोखर मोजलं तेव्हा टाइप वन-ए सुपरनोव्हा (साधारण एकसारखेच उजळणारा आणि मंद होणारा प्रकार) लांबलेलेच दिसले, त्यामुळे झ्विकीची कल्पना तिथेच बाद.

मग बघायचं की एक गोष्ट जमवताना दुसरी बिघडली का. मिलग्रॉम या शास्त्रज्ञाचं १९८३ चं मॉन्ड घ्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा बदलायचा, ते डार्क मॅटर (न दिसणारं वस्तुमान) न घेता गॅलक्सी कशा फिरतात ते छान सांगतं, पण गॅलक्सींच्या क्लस्टरमधे आलं की न दिसणारं वस्तुमान परत लागतंच.

आणि हो, वेगळी थिअरी म्हणजे येडेपणा असं अजिबात नाही. हॉयल, बाँडी, गोल्ड या शास्त्रज्ञांनी १९४८ मधे स्थिर स्थिती मांडली, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही, ते फुगतं तसं नवीन मॅटर थोडं थोडं तयार होत राहतं. यात पकडता येईल अशी गोष्ट होती, पूर्वीचं विश्वही आजच्यासारखंच दिसायला हवं. रेडिओ स्रोतांची (रेडिओ लहरी सोडणाऱ्या लांबच्या गॅलक्सी वगैरेंची) मोजणी जुळेना, आणि १९६५ मधे सगळीकडून येणारं साधारण ३ केल्विनचं (म्हणजे अतिशय थंड) रेडिएशन जाहीर झालं तेव्हा गणित फारच बिघडलं, कारण ती बिग बँगची, म्हणजे विश्वाच्या गरम सुरुवातीची, उरलेली ऊब म्हणून सहज समजते. तरी आपले जयंत नारळीकर, हॉयलचेच विद्यार्थी, त्यांनी १९९३ मधे हॉयल आणि बर्बिज यांच्यासोबत सुधारित मॉडेल आणलं, त्यात ते रेडिएशन म्हणजे लोखंडाच्या बारीक सुयांनी शोषून परत सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश. बहुतेकांना पटलं नाही, पण निदान त्या रेडिएशनला उत्तर द्यायची जबाबदारी त्यांनी टाळली नाही.

शेवटी पाठवणाऱ्याला एकच विचारायचं, काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की माझी थिअरी चुकली? काकांना विचारून तीन आठवडे झाले, ब्लू टिक आहे.