भागीदार मंडळीच्या भेटीला परदेशी निघालात? आम्ही केलेल्या या चुका टाळा

लहानपणी आमच्या नाशिककडच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गोऱ्या पाहुण्यांच्या टीमा यायच्या. एका टीमने शाळेची धडधाकट भिंत पुन्हा रंगवून दिली होती. आम्ही पोरं तोंडावर हात ठेवून हसलो होतो. गेल्या वर्षी आमची नऊ जणांची टीम केनियात, मोंबासाजवळच्या आमच्या भागीदार मंडळीकडे गेली आणि तिसऱ्याच दिवशी रंगाचा ब्रश माझ्या हातात होता. शेजारी दोन तरुण उभे राहून बघत होते. दोघेही धंद्याने रंगारी!

कार्यक्रम इथे बसून ठरवला, ही सगळ्यात मोठी चूक. वार, वेळ, कोण संदेश देणार, कुठली भिंत, सगळं आम्ही नाशिकच्या मीटिंगमध्ये पक्कं करून तिथल्या पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, पाठवून दिलं. त्यांनी ‘करिबू’ म्हणजे ‘या’ म्हटलं. पाहुण्याला नाही कोण म्हणतं? शेवटी पाळकबाईंना, म्हणजे पाळकांच्या पत्नीला, बाजूला घेऊन सरळ विचारलं, तेव्हा कळलं की त्यांना आम्ही आजाऱ्यांच्या घरी यायला हवे होतो. उरलेले दिवस तेच केलं. तुमचंही असं फसलं असेल तर ब्रश खाली ठेवायला लाजू नका. पण रंगाचे पैसे परत मागू नका. आमच्यातल्या एकाने तेही केलं.

आता कागदपत्रं. केनियासाठी जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी लागते. ती निघायच्या आदल्या रात्री भरू नका. पिवळ्या तापाच्या लसीचा घोळ मात्र परतताना होतो. ही लस साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच मिळते आणि तिथे आधी नंबर लावावा लागतो. टोचल्यापासून 10 दिवसांनी दाखला लागू होतो. नसला, हरवला किंवा दिवस भरले नसले, तर भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते, तेव्हा दाखल्याचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टसोबतच ठेवा, मोठ्या बॅगेत नको. किनारपट्टीवर मलेरिया आहे. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, तिथे ताप भरल्यावर नव्हे. आणि चिवडा-लाडू प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये बांधू नका. केनियात 2017 पासून त्यावर बंदी आहे आणि दंड जबर आहे.

घड्याळाने आमची चांगलीच फजिती केली. गाडी ‘सा नाने’ला येईल, असा निरोप आला. आमच्यातल्या एका हुशार पोराने मोबाइलवर तिथल्या स्वाहिली भाषेतले आकडे पाठ केले होते. नाने म्हणजे आठ. सकाळी आठला नऊच्या नऊ जण इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर बसलो. गाडी आली दुपारी दोनला, म्हणजे अगदी वेळेवर. स्वाहिली घड्याळ दिवस उजाडल्यापासून मोजतं, त्यामुळे आपल्या घड्याळाशी सहा तासांचा फरक पडतो. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. बायबलमधला तिसरा तास म्हणजे सकाळचे नऊ, हे गणित आम्ही रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो. ओट्यावर सहा तास बसून एकालाही ते आठवलं नाही! वेळ ठरवताना ‘जेवणाआधी की नंतर’ असं विचारलं की भागतं.

जेवणावरून आठवलं. तिथे चपाती रोजची नसते, पाहुण्यासाठी, सणासाठी करतात. महिला संघाच्या बायका पहाटेपासून लाटत होत्या आणि आमच्या एका ताई सहज म्हणाल्या, “चपाती काय, घरी रोजच असते, मला भातच द्या.” दुभाष्याने भाषांतर केलं नाही, देव त्याचं भलं करो. ताटात वाढलंय ते खा. तिखट हवं तर लोणच्याची बाटली सगळ्यांसमोर काढा, त्यांनाही वाढा. खोलीत दार लावून चिवडा खाल्लेला कळतो.

अर्पणात कोणी अंडी आणतं, कोणी केळीचा घड, कोणी कोंबडी, आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. पाहुण्याने गप्प बसून चालत नाही. आमच्या काकांनी कोंबडीवर चढती बोली लावली, जिंकले, आणि पैसे देऊन म्हणाले, “ठेवा तुमच्याकडेच.” मंडळी एकदम शांत. बोली जिंकलेली वस्तू घ्यावी आणि हवं तर एखाद्या आजींना आपल्या हाताने भेट द्यावी. काकांनी मग तसंच केलं. आजी कोंबडी काखेत धरून बाकांच्या मधून नाचत गेल्या.

‘बघू’ या शब्दापासून फार जपा. आपल्याकडे बघू म्हणजे बहुतेक वेळा नाही. तिथल्या चर्चच्या गळक्या पत्र्यांकडे पाहत आमच्या सेक्रेटरींनी तो उच्चारला, दुभाष्याकडून तो पलीकडे गेला, आणि दोन महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर पत्र्यांचं कोटेशन आलं. आम्ही आठवडाभर उत्तरच दिलं नाही, ही पहिलीपेक्षा वाईट चूक. शेवटी फोन करून स्पष्ट सांगितलं की पैसे जमवलेले नाहीत, कबूलही करायला नको होते. पलीकडचे पाळक हसले आणि म्हणाले, “मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?” पैशांबद्दल एकानेच बोलायचं, आणि कोणी, हे निघण्याआधी ठरवा.

एका चुकीची मला अजून लाज वाटते. पहिल्याच संध्याकाळी एका वृद्ध मामांनी विचारलं, “नाशिकचे ना? शरणपूर कसं आहे?” आम्ही एकमेकांकडे बघितलं. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ख्रिस्ती मिशनने आमच्या नाशिकच्याच शरणपूरला ठेवलं होतं, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं होतं. त्यांतले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर हे 1864 मध्ये मोंबासाजवळच्या राबाईला कामाला आले. पुढे 1875 मध्ये मोंबासाला मुक्त गुलामांसाठी वसलेल्या गावाला मुंबईच्या माजी गव्हर्नरांच्या, बार्टल फ्रियर यांच्या नावावरून फ्रियर टाउन म्हणू लागले. हे सगळं मामांनी आम्हाला सांगितलं. आम्ही रोज शरणपूर रोडवरून भाजी आणतो. जाण्याआधी दोन्ही मंडळ्यांचा इतिहास वाचा, निदान नातं कुठून सुरू झालं तेवढा तरी.

आता ते आमच्याकडे येणार आहेत. परतभेट ठेवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: पर्यटक व्हिसावर आलेला परदेशी पाहुणा उपासनेला बसू शकतो, पण उपदेश करू शकत नाही. प्रेमापोटी माइक हातात देऊन त्याला अडचणीत आणू नका. पिवळ्या तापाचा दाखला त्यांनाही लागेल, तो आत्ताच कळवा. आम्ही कळवलाय. आणि कार्यक्रमाचा कागद यावेळी कोराच पाठवलाय.