व्हायोलिन विकताना आणि कुरिअरने पाठवताना या चुका टाळा

जुलैत चिपळूणला एक व्हायोलिन पाठवलं होतं. चौथ्या दिवशी ग्राहकाचा व्हिडिओ कॉल आला. ब्रिज (तारांना उचलून धरणारी लाकडी घोडी) आडवा पडलेला, तारा लोंबत असलेल्या आणि व्हायोलिन जरा हलवलं की आतून खडखड आवाज. "दादा, आत काहीतरी तुटलंय." तुटलं काहीच नव्हतं. आतला साउंडपोस्ट पडला होता आणि त्याला कारण मीच होतो. प्रवासात लाकडावर ताण नको, म्हणून मी चारही तारा पार सैल करून पाठवल्या होत्या.

साउंडपोस्ट म्हणजे वरच्या आणि खालच्या फळीमध्ये उभी असलेली, साधारण ६ मिलिमीटर जाडीची स्प्रूस लाकडाची गोल काडी. ती कुठेही चिकटवलेली नसते. तारांचा दाब ब्रिजमधून वरच्या फळीवर येतो आणि त्या दाबानेच ती जागेवर राहते. दाब काढून घेतला आणि गाडीला दोन खड्डे लागले, की काडी पडणारच. ती एफ आकाराच्या फटीतून वाकड्या सळीने उभी करावी लागते आणि ते काम ग्राहकाकडून होत नाही. व्हायोलिन परत आलं, जायचं-यायचं भाडं माझ्या खिशातून गेलं आणि ग्राहकाच्या मुलीचा क्लास पंधरा दिवस खोळंबला. तिचा खोळंबा मला भाड्यापेक्षा जास्त लागला.

पुण्यात मी व्हायोलिनं मागवतो, सेटअप करतो आणि गावोगावी पाठवतो. या धंद्यात नवीन येणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: हा माल ताणाखाली उभा आहे. पूर्ण सुरात लावलेल्या चार तारा मिळून २० ते २५ किलोचा ताण देतात आणि तो पेलणारी वरची फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाड असते. तुमच्या टेबलावर वाद्य सुरेल वाजलं म्हणून ग्राहकाच्या घरी तसंच वाजेल, असं धरून चालू नका.

खोक्यातून काढलं आणि विकलं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं आणि ते विकणाऱ्याला दिसतही नाही. आपल्याकडे मिळणारी स्वस्त व्हायोलिनं बहुतांशी चीनमधून येतात. तिथल्या जिआंग्सू प्रांतात हुआंगछियाओ नावाचं गाव आहे, त्याची ओळखच व्हायोलिनवर आहे. लाकूडकाम आता बरं असतं, पण कारखान्यातून येणारं वाद्य अर्धवट असतं. ब्रिज जाड आणि उंच, पाय फळीला नीट टेकलेले नाहीत, नटवरच्या (खुंट्यांपाशी तारा टेकतात त्या पट्टीवरच्या) खाचा वर राहिलेल्या, खुंट्या निसटणाऱ्या. अशा व्हायोलिनवर शिकणाऱ्या मुलाची बोटं दुखतात आणि सूर लागत नाही. घरचे म्हणतात, याला कान नाही. तीन महिन्यांत व्हायोलिन माळ्यावर जातं. मूल कायमचं सोडून देतं, आणि दोष कानाचा नव्हताच.

म्हणून पाठवण्याआधी पट्टी घेऊन बसा. फिंगरबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी) जिथे संपतो तिथे सगळ्यात बारीक तार बोर्डपासून ३ ते ३.५ मिलिमीटर वर हवी आणि सगळ्यात जाड तार ५ ते ५.५. नटपाशी व्हिजिटिंग कार्ड तारेखालून अलगद सरकावं. दोन कार्डं सहज जात असतील तर खाच आणखी खाली न्यायची. ब्रिजचे पाय फळीच्या उठावाला बसतात का, ते पायाखाली कागद सरकवून पाहा. कागद कुठेही शिरला तर तेवढा आवाज तिथे हरवतोय. साउंडपोस्ट ब्रिजच्या बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, सरळ उभा हवा. या कामाला मला एका व्हायोलिनमागे दोन ते तीन तास लागतात. ते पैसे किमतीत धरा आणि ग्राहकाला उघड सांगा. नीट समजावलं की लोक देतात.

मापाचंही इथेच सांगतो. "वाढतं वय आहे, मोठंच द्या," असं पालक म्हणतात, शाळेचा गणवेश घेताना म्हणतात तसं. देऊ नका. मुलाने डावा हात लांब केला, की व्हायोलिनचं टोक तळहातात यावं आणि बोटं त्याच्याभोवती सहज वळावीत. पुढचं माप लागेल तेव्हा बदलून घेण्याची सोय ठेवा, ग्राहक तुमच्याकडेच येईल.

"काळी एकला लावून द्या"

आपल्याकडे व्हायोलिन गळ्यासारखं वाजवायची परंपरा मोठी आहे. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी ते मैफलीत बसवलं, प्रभाकर जोगांनी भावगीतातले शब्द त्यातून ऐकवले. त्यामुळे आपल्या ग्राहकांपैकी बरेच जण तारा पाश्चात्त्य सुरांत लावत नाहीत. आपला षड्ज ठरवून ते षड्ज-पंचमात लावतात.

इथे चूक अशी होते, की विकणारा वाद्य पाश्चात्त्य सुरांसाठी बसवतो आणि पाठवताना नुसत्या खुंट्या फिरवतो. काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज धरून प-सा-प-सा लावलं, तर सगळ्यात बारीक तार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली येते. ऐकायला थोडं वाटतं, पण त्या तारेवरचा ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. तार ढिली पडते, मींड घेताना बोर्डवर खरखरते. उलट सगळ्यात जाड तार अर्धा स्वर वर चढते. ग्राहकाला वाटतं वाद्य खराब, आणि विकणाऱ्याला वाटतं याला वाजवता येत नाही.

ऑर्डर घेतानाच विचारा: बसून वाजवणार की उभ्याने? षड्ज कुठला? कंठसंगीताच्या अंगाने वाजवणार असेल, तर बारीक तार जाड गेजची बसवा आणि ब्रिज त्या बाजूला किंचित उंच ठेवा. आणि केसमध्ये (वाद्याच्या पेटीत) चिठ्ठी टाका, की या तारा अमुक षड्जासाठी आहेत, यापेक्षा वर चढवू नका. पांढरी पाचपर्यंत चढवण्याच्या नादात तुटलेल्या तारांचे फोन माझ्याकडे बंद झाले, ते या चिठ्ठीमुळे.

पॅकिंग: खोकं पडणार, हे धरून चाला

"नाजूक" असा स्टिकर लावून काही होत नाही. गोदामात खोकं उभं ठेवलं जातं, त्यावर दुसरं रचलं जातं, कधी ते कमरेच्या उंचीवरून पडतं. ते पडलं तरी वाद्य वाचलं पाहिजे, अशीच बांधणी हवी.

तारा सैल करायच्या, पण थोड्याच. मी आता दोन-तीन अर्धस्वर उतरवतो. ब्रिज उभा राहतो, साउंडपोस्ट धरलेला राहतो आणि ताण थोडा हलका होतो. टेलपीसखाली (तारांची खालची टोकं अडकवतात त्या तुकड्याखाली) मऊ कापडाची घडी ठेवतो. ब्रिज पडलाच, तर टेलपीसवरचे फाइन ट्यूनर फळीत रुतू नयेत म्हणून. फिंगरबोर्डचं मोकळं टोक आणि फळी यांच्यात फोमचा तुकडा हलकेच बसवायचा, कोंबायचा नाही. खोकं सपाट आपटलं की मान झटक्याने खाली जाते आणि मुळापासून निखळते. तो फोम तिला आधार देतो. हा तुकडा घालायला लागल्यापासून माझ्याकडून गेलेल्या एकाही व्हायोलिनची मान निखळलेली नाही.

केसमधल्या सुट्या वस्तू हा दुसरा शत्रू. शोल्डर रेस्ट, राळेची वडी, ट्यूनर हे सगळं बाहेर काढून वेगळं गुंडाळा. बो (वाजवायचा गज) झाकणातल्या पकडीच्या भरवशावर सोडू नका. ती पकड फिरली, की बोची काठी थेट फळीवर आपटते. बोचे केस सैल करा, बो पुठ्ठ्याच्या नळीत घाला आणि नळी वाद्याच्या पेटीबाहेर, खोक्यात ठेवा. केस आणि खोकं यांच्यात सहाही बाजूंनी ५ ते ६ सेंटिमीटर जागा ठेवून ती घट्ट भरा. खोकं हलवून पाहा. आत काही सरकलं, तर परत उघडा.

या सगळ्याचा भाड्यावर परिणाम होतो, आणि नवा विक्रेता हमखास इथे तोंडघशी पडतो. वजनकाट्यावर पार्सल ४ किलो भरतं, म्हणून तो ४ किलोचं भाडं ग्राहकाला सांगतो. कुरिअरवाले मात्र आकारमानाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. ९० बाय ३८ बाय २६ चं खोकं धरा. उत्तर येतं १७.७८, म्हणजे जवळजवळ १८ किलो. ही आकडेमोड भाव सांगण्याआधी करा. आणि भाडं वाचवायला खोकं लहान करायचा मोह टाळा. आयताकृती केसऐवजी चांगली त्रिकोणी केस निवडली, तर खोकं निमुळतं होत नाही, पण आत भरायला जागा जास्त मिळते.

ऋतू पाहून पाठवा

व्हायोलिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या सरसाने जोडतात, आणि तो मुद्दाम जरा कमजोर ठेवतात. लाकूड फुगलं-आकसलं की जोड उघडावा, फळी फाटू नये, हा त्यामागचा विचार. म्हणून कोकणात पावसाळ्यात कडेचा जोड उघडला, तर वाद्य वाया गेलं असं नाही. सरस लावून, क्लॅम्प लावून एका रात्रीत तो जोड बसतो. पण ग्राहकाने किंवा घाईतल्या दुकानदाराने तिथे सुतारकामाचा पांढरा गोंद भरला, तर पुढच्या वेळी जोड सुटत नाही आणि लाकडाचे धागे उपटून येतात. अशी तीन व्हायोलिनं माझ्या टेबलावर आली आहेत. तिन्हींच्या कडांना नवीन लाकूड जोडावं लागलं.

उन्हाळ्याचं दुखणं वेगळं. विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत पार्सल दिवसभर तापतं. व्हार्निश मऊ पडतं आणि केसमधल्या मखमलीची वीण पाठीवर उमटते. मी एकदा ती बोटाने चाचपून पाहिली आहे, अगदी कापडासारखी लागते. अशा दिवसांत वाद्य आधी सुती कापडात गुंडाळा, आणि शनिवारी पार्सल देऊ नका, नाहीतर ते रविवारभर गोदामात पडून राहतं.

कोरड्या हवेत आणखी एक तडा जातो आणि तो कारखान्यातच ठरलेला असतो. खालच्या टोकाला टेलगटखाली (टेलपीस बांधणाऱ्या दोरीखाली) एबनी लाकडाचा छोटा तुकडा असतो, तो सॅडल. स्प्रूस आडवं आकसतं, एबनी तेवढं आकसत नाही. सॅडल फळीत घट्ट बसवलेला असेल, तर त्याच्या कोपऱ्यातून फळी उभी चिरते. दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

खुंट्या पावसात घट्ट होतात, उन्हाळ्यात सुटतात. खुंटीला तेल नको, गोंद तर मुळीच नको. अडकत असेल तर कोरडा साबण घासा, निसटत असेल तर पांढरा खडू.

लेबल वाचून भाव सांगू नका

महिन्यातून एखादा फोन येतोच: आजोबांचं व्हायोलिन आहे, आत स्ट्रॅडिव्हेरियस लिहिलंय, किती येतील? गोव्यातून हे फोन जास्त, कारण पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत व्हायोलिन शिकवलं जाई आणि जुनी वाद्यं घराघरांत आहेत. हे नाव ज्याचं, तो व्हायोलिन घडवणारा अँटोनिओ स्ट्रॅडिव्हरी १७३७ मध्ये इटलीतल्या क्रेमोनात वारला. त्याची आज साधारण ६५० वाद्यं शिल्लक आहेत. पण त्याच्या नावाची लेबलं जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्खन आणि फ्रान्समधल्या मिरकूरच्या कारखान्यांनी हजारोंनी चिकटवली. घडण त्याच्या नमुन्यावरची आहे, एवढाच त्याचा अर्थ. लेबलवर देशाचं नाव असेल तर ते वाचा. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून ते दिसू लागलं. चेकोस्लोव्हाकिया लिहिलं असेल, तर वाद्य १९१८ नंतरचं.

घरच्यांना हे हळुवार सांगा. शंभर वर्षांचं कारखान्यातलं जर्मन व्हायोलिनही नीट सेटअप केलं तर सुंदर वाजतं, आणि त्या घरासाठी त्याची किंमत बाजारभावाने ठरत नाही.

परदेशी पाठवायचं असेल तर

आखाती देशांत, अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी मुलांसाठी इथून मागवतात. शिसवीच्या खुंट्या, हनुवटी-टेक यांची धास्ती घेऊ नका. शिसवीच्या सगळ्या जातींवर २०१७ मध्ये साइट्सचे (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) निर्बंध आले, पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना आणि त्यांच्या सुट्या भागांना त्यातून सूट आहे. जुना बो मात्र काळजीपूर्वक तपासा. टोकाला हस्तिदंत किंवा फ्रॉगवर (हाताकडच्या ठोकळ्यावर) कासवाचं कवच असेल, तर तो परवानगीशिवाय देशाबाहेर धाडू नका. बोच्या काठीचं पर्नांबुको लाकूडही २००७ पासून साइट्सच्या यादीत आहे. आणि वाद्य शंभर वर्षांहून जुनं असेल, तर पुरावस्तू कायद्याचा प्रश्न येतो. आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.

"आवाजच येत नाही"

पोचल्यावर येणाऱ्या तक्रारींत ही पहिली. घाबरून परत मागवू नका, आधी बोचे केस कसे दिसतात ते विचारा. नव्या बोला राळ लागलेली नसते, आणि राळेशिवाय केस तारेवरून नुसते घसरतात. राळेची नवी वडी गुळगुळीत असते, तिच्यावरूनही केस घसरतात. बारीक सँडपेपरने वडी खरवडून, केसांवर सावकाश तीस-चाळीस वेळा फिरवायला सांगा. आवाज फोनवरच येतो.

मी आता राळ लावूनच बो पाठवतो. नळीवर पेनाने लिहितो: केसांना बोट लावू नका.