या चुका टाळा: घरी गाणी ऐकायला प्लेअर घेताय? आधी स्क्रीन वाचून बघा

लॅमिंग्टन रोडच्या दुकानात कुठलाही प्लेअर हातात घ्या, स्वच्छच दिसतो. डोक्यावर लख्ख ट्यूबलाइट, डोळ्यांपासून वीतभर अंतर आणि डेमोला इंग्रजी गाणी. घरी तोच प्लेअर शोकेसवर बसतो, समोर बाल्कनीचं दार असतं आणि आईबाबा सोफ्यावर. आवाज, मेमरी, बॅटरी सगळं विचारून होतं. अक्षरं वाचता येतील का, एवढंच राहतं. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा. स्क्रीन वाचता येत नसेल तर दर गाण्याला कुणाला तरी हाक मारावी लागते, आणि काही दिवसांनी माणूस हाक मारणंच सोडून देतो.

स्क्रीन किती इंची आहे यावर जाऊ नका. चार इंची स्क्रीनवर दहा ओळी कोंबल्या तर उपयोग काय? अक्षराची उंची बघा. धडधाकट नजरेलासुद्धा तीन मीटरवरून साधारण साडेचार मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर ओळखता येत नाही. आरामात वाचायचं तर त्याच्या दुप्पट तरी हवं. त्यात चाळिशीचा चष्मा साधारण 40 सेंटीमीटरवरच्या पुस्तकासाठी असतो, शोकेससाठी नाही. म्हणून दुकानात प्लेअर काउंटरवर ठेवायला सांगा, चार पावलं मागे या आणि मग वाचा. ज्यांच्यासाठी घेताय त्यांनाच सोबत न्या. स्क्रीन किती वेळाने विझते तेही बघा. कायम चालू ठेवायची सोय असेल तर उत्तम.

सर्वात जास्त फसगत होते ती मराठीच्या बाबतीत. पेन ड्राइव्हवर किंवा कार्डावर ‘भक्तिगीत’, ‘श्रीराम’, ‘निर्गुण’ अशा नावांच्या दोन-तीन फाइल घेऊन जा. काही प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरं असतात, पण ती जोडण्याची सोय नसते. मग ‘नि’ची वेलांटी ‘न’च्या मागे पडते, ‘क्ति’चा पाय मोडतो, रफार जागा सोडतो. अशी यादी वाचताना डोळे शिणतात. ‘अपडेट आलं की होईल’ या आश्वासनावर घेऊ नका.

आधीच घेऊन झाला असेल आणि नावाच्या जागी चौकोन दिसत असतील, तर बहुधा प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. अशा वेळी नावं रोमन लिपीत लिहिणं हाच व्यवहारी मार्ग. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फाइलमधली माहिती चुकीच्या पद्धतीने साठवली गेलेली असू शकते. कॉम्प्युटरवर एमपी३टॅगसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडा, नाव पुन्हा टाइप करा, सेव्ह करा. त्याच बैठकीत नावाच्या सुरुवातीला चिकटलेली वेबसाइटची शेपटं काढून टाका, नाहीतर स्क्रीनवर फक्त तीच दिसतात. क्रमांक द्यायचे तर 001, 002 असे द्या, कारण साध्या आकड्यांत पुष्कळ प्लेअर 1 नंतर थेट 10 वाजवतात.

कार्ड 64 जीबीचं घेतलं आणि प्लेअरने ओळखलंच नाही, तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. कार्डावर फाइल मांडून ठेवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. 32 जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीने तयार होऊन येतात, जुने किंवा साधे प्लेअर मात्र फॅट32 ही पद्धत एवढीच वाचतात. 320 केबीपीएसचं, म्हणजे एमपी३मधल्या सर्वात वरच्या दर्जाचं, पाच मिनिटांचं गाणं 12 एमबीच्या आसपास जातं, म्हणजे 32 जीबीत अडीच हजारांच्या आसपास गाणी मावतात. घरासाठी ते कार्ड पुरतं.