स्लो कुकरमध्ये दालचिनी घातलेली गरम सफरचंदं: या चुका टाळा

सफरचंदं चिरून स्लो कुकरमध्ये (विजेवर मंद आचेने तासन्‌तास शिजवणारं भांडं) टाकली, साखर-दालचिनी भुरभुरली, झाकण लावलं, तीन तासांनी उघडून बघितलं तर खाली पाणचट तपकिरी रस आणि त्यात तरंगणारा लगदा. ही तक्रार इतकी कॉमन आहे की बरेच जण एकदा करून बघतात आणि हा पदार्थ स्लो कुकरचा नाहीच असं ठरवून मोकळे होतात. तसं अजिबात नाहीये. नीट जमला तर फोडी अख्ख्या राहतात, चमच्याने दाबलं की सहज तुटतात आणि भोवती दाटसर, चकचकीत पाक असतो, नुसत्या वाटीत घेऊन खाव्यात इतक्या छान लागतात. गडबड होते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने, गॅसवरच्या पातेल्याच्या सवयी आपण इथेही चालवतो. पातेल्यातून वाफ निघून जाते, पाणी आटतं, पाक आपोआप दाट होतो. स्लो कुकरमध्ये वाफ झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते परत आतच पडतात, म्हणजे सुरुवातीला घातलेलं पाणी जवळपास तेवढंच राहतं, वर सफरचंदातून सुटलेलं वेगळं.

आधी एक अंदाज देते म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. साडेतीन-चार लिटरच्या कुकरला मध्यम आकाराची 7-8 सफरचंदं, म्हणजे साधारण सव्वा ते दीड किलो, 100 ग्रॅम ब्राऊन शुगर, 2 टीस्पून दालचिनी पावडर, 1 टेबलस्पून लिंबाचा रस, 2 टेबलस्पून बटर, चिमूटभर मीठ आणि फार तर पाव कप पाणी किंवा सफरचंदाचा ज्यूस. कुकरच्या लो, म्हणजे मंद सेटिंगवर अडीच ते साडेतीन तास. साखर कमी-जास्त तुमच्या आवडीने करा, पण पाणी मात्र वाढवू नका.

सफरचंद कुठलंही चालतं असं समजणं

नाही चालत, आणि माझ्या मते अर्धा खेळ इथेच हरतो किंवा जिंकतो. ग्रॅनी स्मिथ, हनीक्रिस्प, ब्रेबर्न, पिंक लेडी ही सफरचंदं शिजून आकार धरून ठेवतात. रेड डिलिशियस दिसायला कितीही सुंदर असलं तरी शिजवल्यावर पिठूळ आणि बेचव होतं, मॅकिंटॉश तर बघता बघता विरघळतं (सॉस करायचा असेल तर मॅकिंटॉशच उत्तम, पण आपल्याला सॉस नकोय). गाला गोड असतं पण लवकर मऊ पडतं, तेच हाताशी असेल तर फोडी जाड ठेवा आणि वेळ कमी करा. मला विचाराल तर अर्धी ग्रॅनी स्मिथ आणि अर्धी हनीक्रिस्प घ्यावीत, एकातून आंबटपणा येतो, दुसऱ्यातून गोडवा.

अजून एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही. सफरचंद कोल्ड स्टोरेजमध्ये महिनोन्‌महिने राहतं आणि तेवढ्या काळात त्यातलं आम्ल कमी होत जातं, गरही हळूहळू सैल पडतो. त्यामुळे हंगामात काढलेल्या ताज्या ग्रॅनी स्मिथला जो वेळ लागला तोच वेळ सहा महिने साठवलेल्या ग्रॅनी स्मिथला दिला तर लगदा होऊ शकतो, जात तीच, रेसिपी तीच, तरी. दाबून बघा, बोटाखाली जरासुद्धा दबत असेल तर ते कच्चं खाऊन टाका, कुकरसाठी कडक घ्या.

फोडी पातळ चिरणं

ॲपल पाय (सफरचंद भरून भाजलेला गोड पदार्थ) करताना पातळ काप लागतात म्हणून सवयीने तसेच चिरले जातात, पण इथे ते टिकत नाहीत. एका मध्यम सफरचंदाच्या 8 फोडी, म्हणजे सालीकडून जाडी साधारण अडीच-तीन सेंटीमीटर, याच्या खाली जाऊ नका. आणि सगळ्या एकसारख्या हव्यात, कारण पातळ फोड विरघळेपर्यंत जाड फोड आतून कच्चीच राहते आणि मग आपण जाड फोडीसाठी वेळ वाढवतो आणि बाकीच्यांचं पीठ करतो. सालीचं म्हणाल तर सोललेलं बरं. साल शिजत नाही तशी, ती सुटून गुंडाळी होते आणि दातात चिवट लागते. अगदीच सोलायचा कंटाळा असेल तर एक आड एक पट्टा सोला, रंगही छान येतो.

फोडी काळ्या पडतील म्हणून पाण्यात बुडवून ठेवू नका प्लीज, तेवढंच पाणी अजून आत जातं. लिंबाचा रस चोळला की पुरे, आणि तसंही दालचिनी आणि ब्राऊन शुगरमध्ये सगळं तपकिरीच होणार आहे.

लिंबू मात्र रंगासाठी नाही, पोतासाठी घाला. फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं ते पेक्टिन, गरम झाल्यावर ते सुटायला लागतं आणि फोड मऊ पडते. आम्ल असलं की हे सुटणं मंदावतं. आंबट सफरचंदं आकार जास्त धरतात त्यामागेही आम्लाचा हात आहे. एक टेबलस्पून रसाने पदार्थ आंबट होत नाही, उलट गोडपणाला धार येते.

घाई म्हणून हाय वर लावणं

बहुतेक स्लो कुकरमध्ये लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या आसपासच पोचतात, फरक असतो तो तिथपर्यंत पोचायच्या वेळेत. मग लो कशाला, असं वाटू शकतं, पण सफरचंदाच्या बाबतीत तो मधला हळू प्रवासच कामाचा आहे. साधारण 55 ते 65 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात फळातलं एक एन्झाइम जोरात काम करतं आणि पेक्टिनला अशा रूपात आणतं की ते फळातल्याच कॅल्शियमशी जोडलं जाऊन जास्त घट्ट बसतं. म्हणजे फोड त्या तापमानात थोडी रेंगाळली की पुढची उष्णता तिला लवकर मोडत नाही. लो वर ही संधी मिळते, हाय वर ती पटकन ओलांडून जाते, आणि उकळता ज्यूस ओतून सुरुवात केली तर विचारूच नका. त्यामुळे सगळं रूम टेंपरेचरचं घाला आणि लो वर लावा. हाय वर करायचंच असेल तर दीड तासाला बघायला सुरुवात करा, दोन तासांच्या पुढे सहसा जाऊ नये, आणि कडेच्या फोडी करपतील हे धरून चाला, कारण बऱ्याच कुकरमध्ये हीटिंगची तार भांड्याच्या बाजूने गोल फिरलेली असते आणि तिथली साखर आधी लागते.

करपण्याचं दुसरं कारण म्हणजे कुकर रिकामा असणं. सहा लिटरच्या भांड्यात चार सफरचंदं तळाला पसरली तर ती शिजत नाहीत, भाजतात. भांडं निदान अर्धं भरलेलं हवं, दोन तृतीयांशच्या वर नको.

पाणी घालणं, आणि मग अजून पाणी घालणं

सफरचंदाच्या वजनातलं जवळपास 85 टक्के पाणीच असतं. सव्वा किलो सफरचंदं म्हणजे एक लिटरहून जास्त पाणी तुम्ही ऑलरेडी कुकरमध्ये टाकलंय. ते सगळं बाहेर येत नाही हे खरं, पण साखर लागली की फोडींना पाणी सुटायला लागतं आणि अर्ध्या तासात तळाला रस जमतो. सुरुवातीला कोरडं दिसतं म्हणून घाबरून एक कप पाणी ओतलं जातं, तिथेच पाक बिघडतो. पाव कप पुरे, रसाळ सफरचंद असेल तर तेही नको, नुसतं बटर आणि लिंबाचा रस बास.

झाकणाच्या आतल्या बाजूला जमणारे थेंब कमी करायचे असतील तर झाकणाखाली एक स्वच्छ सुती टॉवेल ताणून लावा आणि त्याची टोकं वर घेऊन झाकणावर बांधा, खाली कुकरच्या तापणाऱ्या बेसला लागता कामा नयेत. टॉवेल बरंचसं पाणी शोषून घेतो.

आणि सारखं झाकण उघडू नका. एकदा उघडलं की आतली वाफ जाते आणि परत तेवढं गरम व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास जातो. पहिले दोन तास तर हातच लावायचा नाही. ढवळणं पूर्ण वेळात एकदाच, तेही खालून वर अलगद, चमचा गरागरा फिरवला की फोडींच्या कडा झिजतात आणि पाक गढूळ होतो.

दोन तासांनी उघडलं की एक जाड फोड काढून आडवी कापा. शिजलेला भाग किंचित पारदर्शक, पिवळसर दिसतो, कच्चा भाग पांढराच राहतो. मधोमध बारीक पांढरी रेघ उरली असेल तर अजून वीस मिनिटं द्या. रेघ गेली असेल तर लगेच बंद करा, कारण भांडं जाड सिरॅमिकचं असतं, बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतं आणि फोडी त्यात शिजतच राहतात.

दालचिनी वरून भुरभुरणं

दालचिनी पावडर पाण्यात विरघळत नाही. वरून टाकली की तिच्या गुठळ्या होतात, आणि ओलं झाल्यावर ती थोडी बुळबुळीतही होते, म्हणून कधी कधी पाकात ते चिकट गोळे सापडतात. आधी कोरड्या साखरेत नीट मिसळा, मग ते मिश्रण फोडींना चोळा. जास्त दालचिनी म्हणजे जास्त वास असंही नसतं, दोन टीस्पूनच्या पुढे गेलात की तासन्‌तास शिजून ती कडवट आणि तुरट लागायला लागते. वास हवा असेल तर सुरुवातीला एक अख्खी काडी आणि दीड टीस्पून पावडर, उरलेली अर्धा टीस्पून वाढायच्या दहा मिनिटं आधी. दालचिनीचा वास उडून जाणारा असतो, शेवटी घातलेली चिमूट सुरुवातीच्या चमच्यापेक्षा जास्त कळते.

बाजारात दोन प्रकार मिळतात, कॅशिया आणि सिलोन. कॅशिया जाड, तिखट आणि जोरदार, या पदार्थाला खरं तर तीच शोभते. पण रोज नाश्त्याला हे खाणार असाल तर सिलोन घ्या, कॅशियामध्ये कूमरिन नावाचं नैसर्गिक रसायन जास्त असतं आणि ते खूप दिवस भरपूर प्रमाणात पोटात जाणं लिव्हरला चांगलं नाही. लवंग, जायफळ घालायचं तर अगदी चिमूटभर, दोन्ही मसाले लांब शिजताना डोईजड होतात.

कॉर्नफ्लोअर सुरुवातीलाच टाकणं

आंबट रसात तासन्‌तास शिजलं की कॉर्नफ्लोअरची दाट करायची ताकद जाते, आणि कोरडं टाकलं तर गुठळ्या होतात. शेवटचा अर्धा तास राहिला की 1 टेबलस्पून कॉर्नफ्लोअर 2 टेबलस्पून थंड पाण्यात कालवा, अलगद मिसळा आणि कुकर हाय वर करा. पाक खदखदायला लागल्याशिवाय दाट होत नाही, त्यामुळे पाचच मिनिटांत उघडून दाट झालं नाही म्हणून अजून कॉर्नफ्लोअर घालायची घाई करू नका. गार झाल्यावर पाक अजून घट्ट होतो हेही लक्षात ठेवा.

दूध किंवा क्रीम घालायचं असेल तर तेही शेवटी, कुकर बंद केल्यावर. आंबट रस आणि लांब उष्णता म्हटल्यावर ते फाटणारच. मनुके शेवटच्या तासात, अक्रोड वाढताना वरून, नाहीतर मऊ पडतात आणि सगळी मजा जाते.

बिघडलंच तर

पाणचट झालं तर कुकर चालू ठेवून आटवत बसू नका, तोपर्यंत फोडी जातात. फोडी झाऱ्याने बाजूला काढा, रस गाळून रुंद पॅनमध्ये मोठ्या आचेवर उकळा, निम्मा झाला की एक चमचा बटर घालून परत फोडींवर ओता. हे सात-आठ मिनिटांचं काम आहे आणि खरं सांगायचं तर असा आटवलेला पाक कॉर्नफ्लोअरच्या पाकापेक्षा जास्त चविष्ट लागतो.

फार गोड झालं तर लिंबू आणि अजून एक चिमूट मीठ. मिळमिळीत लागत असेल तरी आधी मीठच घालून बघा, साखर नको. आतून कच्चं आणि बाहेरून मऊ असेल तर फोडी असमान आहेत, जाड फोडी वेगळ्या काढून त्याच रसात गॅसवर पाच मिनिटं शिजवा. करपलं असेल तर तळ न खरवडता वरच्या फोडी दुसऱ्या भांड्यात काढा, करपलेला पाक त्यात मिसळू देऊ नका, तो वास जात नाही. आणि लगदाच झाला असेल तर फोडी परत येणार नाहीत, पूर्ण घोटून झाकण उघडं ठेवून लो वर अजून काही तास आटवा, मधून मधून ढवळत राहा, जॅमसारखं दाट गडद ॲपल बटर होतं, टोस्टवर मस्त.

वाढताना आणि उरलं तर

पाहुणे यायला वेळ आहे म्हणून वॉर्मवर, म्हणजे नुसतं गरम ठेवायच्या सेटिंगवर, चार तास ठेवलं जातं, पण वॉर्मवरही फोडी मऊ होतच राहतात. एक-दीड तास ठीक, त्याच्या पुढे नको, आणि ठेवणारच असाल तर किंचित कच्चट असतानाच वॉर्मवर आणा. ओट्सवर, पॅनकेकवर, व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर कशावरही घ्या, फक्त आइस्क्रीमवर घालणार असाल तर पाक जरा दाटच हवा.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, पसरट डब्यात घालून, म्हणजे लवकर गार होतं. तीन-चार दिवस आरामात टिकतं. परत गरम करायला स्लो कुकर वापरू नका, तो थंड अन्न तापवायला फार वेळ घेतो आणि तेवढ्यात जंतू वाढायला वाव मिळतो, पॅनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफ येईपर्यंत गरम करा. सिरॅमिकचं भांडंच फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर ते थेट गरम बेसवर बसवू नका, तडा जाऊ शकतो.